बायकोसाठी वापरलेली एटीव्ही घ्यायची आहे. "मेंटेन्ड गाडी" नक्की कशी ओळखायची?

रानवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमच्याकडे एक एटीव्ही (रानवाटांवर चालवायची, हँडलची, जाड टायरांची चारचाकी) आहे, सहा वर्षं झाली. मी चालवतो, बायको मागे बसते. गेल्या महिन्यात एका चढावर गाडीची पुढची चाकं उचलली गेली. मी पुढे झुकलो, रेस सोडली, कशीबशी चाकं खाली टेकली. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. पण घरी आल्यावर बूट काढता काढता तिनं सांगितलं, "मी आता मागं बसणार नाही. यायचं तर माझ्या गाडीवर येईन." मला ते पटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदच झाला.

तर तिच्यासाठी गाडी बघतोय. नवी परवडणार नाही, म्हणून वापरलेली. तिची उंची पाच फूट एक इंच. गिअरची दुचाकी तिनं कधी चालवलेली नाही. उजव्या मनगटाचं हाड पूर्वी मोडलं होतं, जास्त जोर लागला की अजून दुखतं. वापर म्हणजे सुट्टीच्या दिवशी रानातल्या वाटा, दगडगोटे, थोडा चिखल, एखादा ओढा. शर्यती, उड्या वगैरे काही नाही.

दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली चार वर्षांची, 700 सीसी, नवे स्टिकर, नवे टायर, काळी कुळकुळीत. दुसरी अकरा वर्षांची, 420 सीसी, प्लास्टिक उन्हानं फिकं पडलेलं, सीटला ठिगळ, पण पहिल्यापासून मालक एकच. दोघंही म्हणतात "एकदम मेंटेन्ड गाडी आहे". माझा कल पहिलीकडे आहे. लग्नाच्या वाढदिवसाला तिला काही न सांगता दारात आणून उभी करायची असा बेत आहे. बघायला जाताना काय काय तपासू? आणि मीटरवर इंजिन चालल्याचे किती तास झालेली गाडी घ्यायला हरकत नाही?

---

सावकाश

रानवाट, गाडीआधी एक विनंती. जुन्या गाडीवर आता खरंच दोघं बसू नका. एका माणसाच्या एटीव्हीची सीट लांब असते ती दुसऱ्याला बसायला नाही, चालवणाऱ्याला पुढेमागे सरकायला. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, आडव्या उतारावर वरच्या बाजूला अंग टाकायचं. या गाडीचा निम्मा तोल चालवणाऱ्याच्या अंगात असतो. मागे माणूस बसला की त्याचं वजन मागच्या आसावर पडतं आणि तुम्हाला सरकायला जागा उरत नाही. तुमची पुढची चाकं उचलली गेली ती यामुळेच. दोघांसाठी बनवलेल्या एटीव्ही वेगळ्या असतात. त्यांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लांब असतो, मागच्याला वेगळी सीट, पाय ठेवायला जागा आणि धरायला हँडल असतात.

वहिनींनी आपली गाडी मागितली हे फार योग्य केलं.

आणि आता तो बेत. कृपा करून अचानक दारात उभी करू नका. ज्यांना चालवायची आहे त्यांनी तीवर बसून बघितल्याशिवाय ही वस्तू घ्यायची नसते. वाढदिवसाला हेल्मेट द्या. तेसुद्धा डोक्याचं माप घेऊन.

---

पानेवाला

वीस वर्षं या गाड्यांखाली झोपून काम केलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो. वेळ काढून वाचा.

आदल्या दिवशी फोन करून मालकाला एकच सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की आधी इंजिनाजवळ तळहात न्या. गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी "तयार" केलेली आहे. राग नको, पण गार झाल्याशिवाय पुढचं काही बघू नका. गार इंजिन खोटं बोलत नाही. सेल्फ किती वेळ मारावा लागतो, टकटक येते का, पहिला धूर कसला, हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं. गारठ्यात थोडी पांढरी वाफ येणं ठीक. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट जळतंय.

मग सीट काढा आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. मी ज्या गाड्या नाकारल्या त्यातल्या बऱ्याचशा इथेच नाकारल्या. नुसता फिल्टर मळलेला असेल तर ते मोठं पाप नाही. फिल्टर काढून त्याच्या पलीकडची नळी, जी इंजिनाकडे जाते, तीत बोट घालून फिरवा. बोट स्वच्छ आलं पाहिजे. तिथे बारीक माती असेल तर ती माती इंजिनात गेलेली आहे. धूळ म्हणजे सिलिंडर आणि रिंगांना पॉलिश पेपर. बाहेरून गाडी कितीही पुसली तरी ही नळी कुणी पुसत नाही.

शक्य असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या. पण एक लक्षात ठेवा, बऱ्याच एटीव्हींच्या कॅमशाफ्टवर सेल्फ हलका जावा म्हणून आपोआप कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा असते. त्यामुळे आकडा कमी दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा समोर ठेवूनच तुलना करा.

ऑइलची डिपस्टिक बघा. काळं चालेल, दुधाळ चालणार नाही. दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल मात्र लोक विसरतात. भरायचा बोल्ट काढून बोट बुडवा. पाण्यात बुडालेली गाडी इथे पकडली जाते, कारण इंजिन ऑइल विकायच्या आधी सगळेच बदलतात, डिफरन्शियलचं फार थोडे.

खाली वाका. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर रबरी बूट असतात, घडीघडीचे. प्रत्येक घडी बोटांनी ताणून बघा, चीर आतल्या बाजूला लपते. बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि मग हँडल पूर्ण वळवून चालवलं की कटकट आवाज येतो. आवाज नसेल तर नुसता बूट बदलून भागतं. आवाज सुरू झाला असेल तर सांधाच गेला.

पुढचं अंग जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवा. प्ले असेल तर टायरॉडचे (चाक वळवणाऱ्या दांड्याचे) टोक. मग चाक हातानं फिरवा आणि कान द्या. ज्या गाड्या दर वेळी प्रेशर वॉशरनं धुतात त्यांची बेअरिंगं खरखरतात, कारण पाण्याचा झोत सीलमधून आत जातो. चकाकत्या गाडीचा हा एक तोटा.

चेसिस बघताना ए-आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे) जिथे जोडलेत तिथे वेल्डिंगशेजारी तडे शोधा. फक्त खालच्याच बाजूला ताजा काळा रंग असेल तर का मारला ते विचारा. ब्रेक लिव्हरची टोकं घासलेली, मागचा रॅक एका बाजूला दबलेला, हँडल किंचित वाकडं, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर गाडी कधीतरी उलटलेली आहे.

आता तासांचा प्रश्न. नुसते तास बघू नका, किलोमीटरला तासांनी भागा. 1600 किलोमीटर आणि 100 तास म्हणजे सरासरी ताशी 16, ती वाटांवर फिरलेली गाडी. 500 किलोमीटर आणि 100 तास म्हणजे ताशी 5. ती एकतर उभ्या उभ्या चालू होती, नाहीतर चिखलात रुतून रेस खात होती, नाहीतर ओझी ओढत होती. ओझी ओढणं वाईट नाही, पण मालकानं तसं सांगितलं पाहिजे. तास जास्त आणि ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर मी बिनधास्त घेईन. तास कमी आणि गाडी तीन वर्षं पेट्रोलसकट पडून असेल तर जास्त विचार करीन.

राखलेली गाडी ओळखायची माझी स्वतःची खूण सांगतो. ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड. आर्मच्या सांध्यांपाशी निप्पल असेल तर त्याच्या तोंडाशी जुनं ग्रीस बाहेर येऊन त्यावर ताजं दिसतं का ते बघा. आणि ऑइल ड्रेनच्या बोल्टचे कोपरे. कोपरे शाबूत म्हणजे काम करणाऱ्यानं मापाचा पाना लावला. हे बघायला कुणी येणार नाही असं समजूनच मालक वागलेला असतो, म्हणून तिथे त्याचा स्वभाव दिसतो.

---

चिखलगाडी

मी चिखलातच चालवतो, म्हणून चिखलवाल्यांच्या खुणा सांगतो. हवेची नळी वर हँडलपर्यंत ओढलेली, रेडिएटर पुढच्या रॅकवर चढवलेला, टायर कंपनीच्या मापापेक्षा मोठे. यातलं काही दिसलं तर गाडी पाण्यात खोलवर गेलेली आहे. माझीही तशीच आहे. मी ती नव्या चालकाला विकणार नाही.

कुणी हे सगळं काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणून विकतं. तेव्हा प्लास्टिकमधली बुजवलेली भोकं आणि टेप गुंडाळलेल्या वायरी शोधा.

पट्ट्याची गाडी असेल (गिअर न बदलता पट्ट्यानं चालणारी, म्हणजे सीव्हीटी) तर पट्ट्याच्या कव्हरखालचा ड्रेन प्लग काढा. पाणी टपकलं तर निरोप घ्या.

---

हिरवळ

मी बाईच आहे आणि गेली नऊ वर्षं चालवते, त्यामुळे वहिनींच्या बाजूनं लिहिते.

माझी पहिली गाडी नवऱ्यानं मोठ्या प्रेमानं आणली होती. मोठं इंजिन, कारण "नंतर कमी पडायला नको". माझा अंगठा थ्रॉटलवर पोचायचा, पण पोचायलाच हात ताणावा लागायचा. एटीव्हीला मनगट फिरवून रेस द्यायची नसते, उजव्या अंगठ्यानं पातं दाबून धरायचं असतं, आणि ते तासन् तास. अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. उजवीकडे पूर्ण वळवलं की हँडलचं डावं टोक इतकं लांब जायचं की मला सीटवरून उठून पुढे झुकावं लागायचं. वळणावर, म्हणजे जिथे अंग सावरायचं तिथेच, माझं अंग भलतीकडे जायचं. पाच वेळा चालवली आणि सोडली. सगळ्यांना वाटलं मी घाबरट आहे. मला स्वतःलाही तेच वाटायला लागलं होतं. दोन वर्षांनी एका मैत्रिणीची लहान गाडी सहज चालवली आणि संध्याकाळ झाली तरी उतरावंसं वाटेना.

म्हणून त्यांना दुकानात, मालकाकडे, कुठेही न्या, आणि आधी बंद गाडीवर दहा मिनिटं बसू द्या. दोन्ही पाय फूटरेस्टवर सपाट टेकतात का. उभं राहिल्यावर सीट आणि अंग यांच्यात तीनेक इंच अंतर राहतं का. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कोपर थोडं वाकलेलं राहतं का. सगळी बोटं मुठीवर ठेवून अंगठा पात्यावर आणि दोन बोटं ब्रेकवर जातात का. मनगटाचं दुखणं असेल तर पॉवर स्टिअरिंग ही चैन नाही. दगडावर चाक आपटलं की हँडलला जो हिसका बसतो तो ते बराचसा खाऊन टाकतं. यामाहानं 2007 च्या ग्रिझली 700 मध्ये इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आणलं आणि मग बाकीच्यांनीही द्यायला सुरुवात केली. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीतही ते मिळू शकतं, शोधायला हवं.

700 सीसी त्यांच्यासाठी नको असं माझं स्पष्ट मत. ताकदीपेक्षा वजनाचा प्रश्न आहे. तीनशे किलोच्या पुढची गाडी रुतली किंवा कलंडायला लागली तर ती सावरणं कुणालाही जड जातं, नव्या माणसाला फारच.

---

घाटमाथा

हिरवळताईंशी अर्धा सहमत. वजनाचं बरोबर. पण 420 वर अनुभव आला की वर्षभरात मोठी घ्यावीशी वाटते आणि दोनदा खर्च होतो. मी तसाच फसलो.

---

हिरवळ

घाटमाथा दादा, वर्षभरानंतर मोठी घ्यावीशी वाटली म्हणजे त्या वर्षभर चालवत होत्या. माझ्या मते तो खर्च वसूल झाला. आणि नीट ठेवलेली लहान गाडी विकायला त्रास होत नाही.

---

रानवाट

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहिली, चकाचक गाडी बघून आलो. एकटाच गेलो होतो, अजून तिला सांगितलं नव्हतं.

फोनवर सांगूनही इंजिन कोमट होतं. मालक म्हणाला, आत्ताच बाहेर काढून ठेवली. मी तासभर थांबलो. सुरू झाली ती एका दमात, आवाजही चांगला. खरं सांगतो, माझं मन बसलं होतं तीवर. दुपारच्या उन्हात ती काळी गाडी अशी चमकत होती की हात फिरवावासा वाटत होता.

मग पानेवाल्यांचं आठवलं. सीट काढली, डब्याच्या क्लिपा उघडल्या. फिल्टर कोरा करकरीत, कालच घातल्यासारखा. फिल्टर बाहेर काढला आणि पलीकडच्या नळीत बोट फिरवलं. बोटावर पिवळट, पिठासारखी बारीक माती. पुसून पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मी ते बोट मालकापुढे धरलं. तो काहीच बोलला नाही, फडकं आणायला आत गेला.

मीटर: 310 किलोमीटर, 94 तास. म्हणजे ताशी साडेतीनसुद्धा नाही. पुढच्या प्लास्टिकला रॅकखाली चार बुजवलेली भोकं होती. घरी येताना वाईट वाटत होतं, कारण हा धागा नसता तर मी कालच पैसे दिले असते.

---

पानेवाला

वाईट वाटून घेऊ नका. नव्या टायरवर गेलेला जीव परत आणायला बोटाला माती लागावी लागते. दुसरी बघायला जाल तेव्हा वहिनींना घेऊन जा.

---

किनारा

मला एकानं जुनी तीनचाकी देऊ केली आहे, अगदी सुस्थितीत. नव्या शिकणाऱ्याला चालेल का?

---

सावकाश

किनारा, नको. होंडानं 1970 मध्ये आणलेल्या तीनचाकीपासून या गाड्यांची सुरुवात झाली हे खरं, पण वळणावर त्या फार सहज कलंडतात. अपघात इतके झाले की अमेरिकेत 1988 मध्ये कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री बंद केली. संग्रहात ठेवायला घ्या. शिकायला चारचाकीच.

---

कागदोपत्री

यंत्राबद्दल सगळं आलं, कागदांबद्दल कुणीच बोललं नाही. चेसिसवर 17 अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, ठोकलेला असतो. तो कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा त्यावर रंग असेल तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरा. बहुतेक गाड्यांत त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, त्यामुळे "अमुक सालची" हे खरं की खोटं तिथेच कळतं. गाडीवर कर्ज बाकी आहे का ते विचारा. आणि तोच नंबर घेऊन कंपनीकडे चौकशी करा, त्या गाडीचं एखादं रिकॉल (कंपनीनं परत बोलावून दोष दुरुस्त करणं) व्हायचं राहिलं असेल तर ते जुन्या मालकाच्या गाडीलाही साधारणपणे फुकट करून देतात.

विकणाऱ्याचं नाव आणि कागदावरचं नाव एकच हवं. "मित्राची आहे, मी विकून देतोय" हे ऐकलं तर त्या मित्राला समोर बसवा.

---

घाटमाथा

एक विषय राहिला. पट्टा की गिअर? दुसरी गाडी कुठल्या प्रकारची आहे?

---

रानवाट

गिअरची. पाच गिअर, पण क्लच लिव्हर नाही. डाव्या हँडलवर वर-खाली बाणांची दोन बटणं आहेत, अंगठ्यानं बदलायचे. पॉवर स्टिअरिंगही आहे असं मालक म्हणाला.

---

पानेवाला

मग छान. पट्ट्याच्या गाडीला नुसती रेस द्यायची, डोक्याला ताप नाही, शिकणाऱ्याला सोपी. पण ओढ्यात पट्टा भिजला की घसरतो, आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक किती लागतो हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं. होंडाच्या रँचरसारख्या गिअरवाल्या गाड्यांत तो पट्टाच नसतो. पहिल्या गिअरला टाकून रेस सोडली की गाडी स्वतःला धरून उतरते, त्यामुळे मनगटावर ब्रेकचा ताण कमी. बटणाचा गिअर एक दिवसात जमतो. बघताना मात्र सगळे गिअर गाडी गरम झाल्यावर वर-खाली करून बघा, डिस्प्लेवर आकडा येतो की नुसत्या रेषा येतात ते बघा. रेषा आल्या तर शिफ्टची मोटर किंवा सेन्सर कुरकुरतोय.

फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणं, मोकळ्या मातीवरच लावून बघा, डांबरावर नको. डांबरावर टायर घसरत नाहीत आणि सगळा ताण यंत्रणेवर येतो. तसंही या गाड्या डांबरासाठी नाहीत. टायरमध्ये हवा किती कमी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे, वळताना त्या टायरचा भरवसा देता येत नाही.

---

रानवाट

आज दोघं मिळून गेलो. सकाळी तिला सगळं सांगितलं, हा धागाही वाचायला दिला. ती बराच वेळ वाचत होती. हिरवळताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मालक वयस्कर गृहस्थ. गुडघ्यामुळे आता चालवणं होत नाही म्हणाले. इंजिन दगडासारखं गार. सेल्फ दुसऱ्यांदा मारावा लागला, धूर नाही. नळीतलं बोट स्वच्छ. 6,900 किलोमीटर, 455 तास. भिंतीवर खिळ्याला एक वही टांगलेली होती, तीत पेन्सिलीनं प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि तास. ड्रेन बोल्टचे कोपरे शाबूत. मी ते बघायला खाली झोपलो तेव्हा काका म्हणाले, "बरं झालं बघताय. मी इतकी वर्षं जपली, ती बघणाऱ्याकडेच जावी."

खोट निघालीच. पुढच्या डाव्या शाफ्टचा आतला बूट आतल्या घडीत चिरलेला आहे. ग्रीस थोडं उडालंय, पण हँडल पूर्ण वळवून दोन्हीकडे चालवली, कटकट नाही. बॅटरी जुनी आहे, इंजिन बंद असताना 12.1 व्होल्ट, रेस दिल्यावर 14.2. म्हणजे चार्जिंग ठीक, बॅटरीचं वय झालंय. टायरवरचे तारखेचे चार आकडे सांगतात की ते नऊ वर्षांपूर्वीचे आहेत. बाजूला बारीक भेगा आहेत.

बाकी ती स्वतः लिहील म्हणाली.

---

नवी_चालक

नमस्कार. ज्यांच्यासाठी गाडी बघताय ती मी.

आधी सावकाश यांना धन्यवाद. त्या चढावर मला वाटलं होतं की मीच कुठेतरी चुकीचं हलले. तीन आठवडे तेच मनात होतं. सीट लांब का असते हे वाचून तो भार उतरला.

मी बंद गाडीवर आधी बसले. पाय सपाट टेकले. हँडल पूर्ण वळवलं तर कोपर वाकलेलंच राहिलं. मग काकांनी मागच्या मोकळ्या शेतात चालवायला दिली. त्यांनी आधी हँडलवरचा एक बारीक स्क्रू दाखवला, तो आत फिरवला की थ्रॉटलचं पातं अर्ध्यावरच थांबतं. त्यांनी तो फिरवून दिला आणि म्हणाले, "हात बसला की तुम्हीच सोडा." पहिल्या गिअरमध्ये शेताला तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला मी स्वतःहून दुसरा टाकला. बटण दाबल्यावर पायाखाली "टक्" असा आवाज आला आणि गाडी थोडी पुढे सरकली. तो आवाज अजून कानात आहे. नांगरलेल्या सऱ्यांवरून जाताना मनगटाला हिसके बसतील असं वाटलं होतं, पण हँडल हातात शांत होतं.

इतकी वर्षं मी त्याच वाटा बघितल्या, पण नवऱ्याच्या खांद्यावरून. आज पहिल्यांदा समोर कुणी नव्हतं.

मला हीच हवी आहे. प्लास्टिक फिकं आहे ते राहू दे.

---

हिरवळ

वाचून डोळे भरून आले. घ्या वहिनी. आणि पहिले काही दिवस एखाद्या प्रशिक्षकाकडे घालवा. नवऱ्याकडून शिकू नका असं नाही म्हणत, पण बाहेरच्या माणसाला "का" विचारायला संकोच वाटत नाही. हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वर जाणारे बूट, बोटं झाकणारे हातमोजे, पूर्ण बाह्या. हे गाडीच्या खर्चातच धरा.

---

पानेवाला

रानवाट, शाफ्टचा बूट, बॅटरी आणि चार टायर यांचा खर्च काढा आणि तेवढा काकांसमोर सरळ मांडा. अशा माणसाशी घासाघीस करायची नसते, हिशोब दाखवायचा असतो. चारही टायर कंपनीनं दिलेल्या मापाचे घ्या, दोन नवे दोन जुने नको. फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या टायरचा घेर कंपनीनं ठरवलेल्या प्रमाणात नसला तर डिफरन्शियलवर ताण येतो.

घरी आणली की वहीत काहीही लिहिलेलं असो, एकदा सगळं नवं भरा. इंजिन ऑइल आणि फिल्टर, दोन्ही डिफरन्शियल, ब्रेक फ्लुइड, कूलंट. इंजिन ऑइल घेताना डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघा, कारण या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो. बूट मात्र पहिल्या फेरीच्या आधी. टायरमध्ये हवा भरताना कमी दाबाचा वेगळा मीटर घ्या, कारचा मीटर 5 पीएसआय (दाबाचं माप) इतक्या कमी हवेला उपयोगाचा नाही.

---

रानवाट

गाडी घरी आली. काकांनी हिशोब ऐकला, वही उघडून स्वतः बेरीज केली आणि तेवढे पैसे कमी केले. वरून ती वहीच तिच्या हातात दिली. बूट आज बदलला, सांध्यात माती गेलेली नव्हती. बॅटरी आणि टायर उद्या.

---

नवी_चालक

एक प्रश्न आहे पानेवाले दादा. डावा ब्रेक लिव्हर नीट धरता येतो. उजव्याला मात्र बोटं पोचतात पण मनगट वर उचलावं लागतं, आणि तिथेच दुखतं. लिव्हर बदलावा लागेल का?

---

पानेवाला

आधी बदलू नका. गाडीवर बसा, हात नेहमीसारखा मुठीवर ठेवा आणि बोटं सरळ करा. कोपरापासून बोटांपर्यंत एक रेष आली पाहिजे. लिव्हर त्या रेषेच्या वर असेल तर त्याचा क्लॅम्प दोन बोल्टांवर असतो, ते अर्धा आटा सैल करा आणि लिव्हर खाली फिरवा. ब्रेक फ्लुइडची वाटी त्यालाच जोडलेली असते, ती फार कलंडू देऊ नका. मग दोन्ही बोल्ट सारखे आवळा. आवळल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा पाइप कुठे ताणला जात नाही ना ते बघा.

---

नवी_चालक

फिरवला, मीच. बोटभर खाली गेला. आता मनगट सरळ राहून दोन बोटं ब्रेकवर बसतात. वहीत काकांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 455 तास, डावा बूट, उजवा लिव्हर.